सपिंड म्हणजे सगोत्र का?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पोरासाठी मामाचीच पोरगी बघताय आणि ओळखीचे वकील म्हणाले 'तुम्ही सपिंडात येता, सपिंडांचं लग्न कायद्यात बसत नाही', तर सपिंड म्हणजे सगोत्रच का, आणि दहाव्याच्या पिंडाशी त्याचा काही संबंध आहे का.

सगोत्र नाही. मामाचं गोत्र, कूळ वेगळंच असतं ना, तरी 'मामानी पोर' सपिंडच. सगोत्र लग्नाची आडकाठी कायद्यानं १९४६ सालीच काढून टाकलीय, आपल्याकडे बैठकीत अजून कूळ विचारतात ती गोष्ट वेगळी.

दहाव्याच्या पिंडाचं म्हणाल तर बंगालकडचा दायभाग हा जुना धर्मशास्त्राचा ग्रंथ तोच अर्थ धरतो, एकाच पितराला पिंड देणारे ते सपिंड. आपल्याकडे चालणाऱ्या मिताक्षरा या ग्रंथात मात्र पिंड म्हणजे देह, एकाच पूर्वजाच्या शरीराचा अंश ज्यांच्यात आहे ते. 'त्याचा पिंडच तसा' म्हणतो ना आपण, त्यातला पिंड हाच. मिताक्षरा बापाकडून सात आणि आईकडून पाच पिढ्या मोजते, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं त्या पाच आणि तीनवर आणल्या. शब्द मात्र कायद्याच्या इंग्रजी मजकुरातही सपिंडच ठेवलाय, बदलणार तरी कशात!

मोजताना लोक चुकतात कारण स्वतःला धरत नाहीत. पोरगा एक, आई दोन, आईचा बाप तीन. पोरगी एक, तिचा बाप म्हणजे मामा दोन, आजोबा तीन. दोघांचा आजोबा एकच आणि दोघांच्याही मर्यादेत, म्हणून सपिंड. फुईच्या, म्हणजे आत्याच्या पोरीचंही तसंच. पण आईच्या चुलत भावाची पोरगी असेल तर सामाईक पूर्वज आईचा आजोबा, तो पोराकडून चौथा, म्हणजे ती सपिंड नाही.

मग आपल्याकडे मामाच्या पोरी करतात ती सगळी लग्नं रद्द का? तर नाही, कारण दोघांकडच्या रूढीत चालत असेल तर चालतं असं कलम ५ मध्येच लिहिलंय. फक्त 'आमच्यात चालतं' एवढं तोंडी सांगून भागत नाही, रूढी जुनी, सलग पाळलेली असावी लागते आणि वेळ आली तर कोर्टात शाबित करावी लागते. २०२४ च्या जानेवारीत दिल्ली हायकोर्टात एका बाईंनी या सपिंडाच्या कलमालाच आव्हान दिलं होतं, त्यांना रूढी शाबित करणं जमलं नाही आणि कलमही कायम राहिलं. सातपुड्याकडच्या भिल्ल-पावरा मंडळींना तर हा कायदाच लागत नाही, अनुसूचित जमाती कलम २ नंच बाहेर ठेवल्यात.