वडिलांचं बीपी एकदा १५०/९४ आलं. गोळी लागणार का? आणि तांबडा रस्सा बंद?

एका मोजणीवर ठरवू नका. दवाखान्याचा जिना चढून, बाकावर ताटकळून, वर बाहूवर शर्टाची घडी दाबून मोजलं तर आकडा वाढीवच येतो. घरी बाहूवर बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटावरचं नको. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, तोंड बंद. (आमच्या आबांना हे शेवटचंच जमत नाही.) अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा, आठवडाभर वहीत लिहा. पहिला दिवस सोडून सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळीचं ते ठरवतील.

रश्श्याचं म्हणाल तर तिखटाला उगाच बदनाम करतात, खरी गोम मिठात आहे. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, तेही सगळं धरून. मिसळीवरचा फरसाण, खर्डा, लोणचं, पापड यातच ते संपतं. रस्सा महिन्यातून एकदा, वाटीभर चालेल. वाढप्याला 'आणि वाढ' म्हणायचं नाही. रोज अर्धा तास रंकाळ्यावर भरभर चाला, फक्त परतताना भेळेच्या गाडीवर थांबू नका.

गुडघेदुखीच्या गोळ्या मनाने घेत असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यांनीही बीपी चढतं. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा बोलताना जीभ अडखळणं असेल तर थेट १०८.