वैद्याला काय जमत नाही ते आधी ठरव

प्रिय मित्रा,

तुझ्या जादूच्या कादंबरीचा आराखडा आणि पहिली तीन प्रकरणं वाचली. भाषा छान वाहते, नकाशा नेटका आहे, राजघराण्याची वंशावळ तर हेवा वाटावा इतकी तपशीलवार. घोडं पेंड खातं ते वैद्य असलेल्या नायिकेपाशी. ती हात ठेवते, प्रकाश पडतो, जखम मिटते. तिसऱ्या प्रकरणात सेनापतीच्या पोटात भाला घुसतो आणि पान उलटेपर्यंत तो उठून पाणी मागतो. तिथेच वाचकाची भीती संपली. पुढे कुणाचंही काहीही झालं तरी तो म्हणणार, बोलवा तिला.

तलवारबाज नायकाला ही अडचण येत नाही. त्याच्या कौशल्याने संकट वाढतं, वैद्याच्या कौशल्याने ते मिटतं. शिवाय वैद्य पोचतो तो सगळं घडून गेल्यावर, त्यामुळे तुझी नायिका पानोपानी दुसऱ्यांनी केलेलं निस्तरत बसते. तिला कादंबरीच्या केंद्रात आणायचं असेल तर तिच्या बरं करण्यापेक्षा तिच्या निवडीवर भर दे. कुणाला आधी हात लावायचा, कुणाला थांबवायचं, कुणाकडे पाठ फिरवायची. हे ठरवणारी व्यक्ती घटनांमागे धावत नाही. सरदार, सैनिक, शत्रू सगळे तिच्या दाराशी येतात.

आता निवड करावी लागायची तर तिच्याकडे काहीतरी कमी पडलं पाहिजे. ते काय आणि किती, हे आकड्यांत ठरव. एक वही घे आणि चार रकाने पाड: प्रकरण, रुग्ण, तिने काय खर्च केलं, काय शिल्लक उरलं. समजा शक्ती तिच्याच अंगातल्या उष्णतेतून येते. वरवरची जखम मिटवली की एका जेवणाची भूक. मोठी रक्तवाहिनी बंद केली की दोन दिवस बोटं बधिर. दिवसाला अशा तीनच. चौथी केली तर काय होतं, हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक हवं. वाचकाला तिसाव्या प्रकरणात कळलं तरी चालेल.

बोटं मुद्दाम निवडली आहेत. नुसता थकवा ही किंमत होत नाही, कारण झोप झाली की तो जातो. आयुष्य कमी होणं, आठवणी पुसल्या जाणं या कल्पना वापरून वापरून गुळगुळीत झाल्या आहेत. बोटं बधिर झाली की तिला सुई धरता येत नाही आणि नाडी लागत नाही. म्हणजे जादू वापरली की तिची विद्या गेली. किंमत अशी कामाच्या मुळावर यायला हवी.

दुसरा नियम माझ्या मते याहून महत्त्वाचा. तिची जादू शरीर जे स्वतः करू शकतं तेवढंच वेगाने करते, त्यापलीकडे काही नाही. एवढं ठरवलंस की खऱ्या शरीराचे सगळे नियम तुला आयते मिळतात. बाणाचं टोक आत असताना जखम मिटवली तर ते आतच गाडलं जाईल, भोवती पू होईल. म्हणून जादूच्या आधी हत्यार हातात घ्यावं लागेल.

बाण काढणं ही काय चीज आहे ते एका नोंदीवरून बघ. 1403 साली श्रूसबरीच्या लढाईत सोळा वर्षांच्या राजपुत्राच्या, म्हणजे पुढे पाचवा हेन्री म्हणून गादीवर आलेल्या मुलाच्या, चेहऱ्यात नाकाशेजारी बाण घुसला. दांडी ओढताच निघाली, लोखंडी टोक सुमारे सहा इंच आत राहिलं. जॉन ब्रॅडमोर या शल्यचिकित्सकाने झाडाच्या मऊ गाभ्याच्या काड्या केल्या, त्यांना कापड गुंडाळलं, गुलाबमधात बुडवलं आणि चढत्या जाडीने एकेक आत सरकवत जखमेचं तोंड मोठं केलं. मग मधोमध स्क्रू असलेला चिमटा खास करवून घेतला, तो टोकाच्या पोकळीत घालून फुलवला आणि हलवत हलवत टोक बाहेर काढलं. जखम द्राक्षाच्या दारूने धुतली. ती मिटवली मात्र नाही. आत औषधी वात ठेवून ती टप्प्याटप्प्याने आखूड करत नेली, म्हणजे मांस तळापासून भरत वर येतं. वीस दिवसांत जखम स्वच्छ झाली. त्या वीस दिवसांत राजवाड्यात काय काय शिजलं असेल, विचार कर. तुझ्या चमत्काराने हे सगळं अर्ध्या ओळीत गिळलं असतं.

रक्ताचं गणित पाठ कर. प्रौढ माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं. पाऊण लिटर गेलं तरी माणूस बोलतो, चालतो. दीड लिटरच्या आसपास नाडी धावू लागते, कातडी गार आणि ओलसर पडते, तहान लागते, जीव कासावीस होतो. दोन लिटरच्या पुढे तो असंबद्ध बडबडतो, मग गप्प होतो. मांडीची मुख्य धमनी तुटली तर हा सगळा प्रवास काही मिनिटांत उरकतो. म्हणून जखमींच्या रांगेत तुझी नायिका ओरडणाऱ्याकडे आधी जाणार नाही. ओरडतो त्याचा श्वास चालू आहे. ती गप्प पडलेल्याकडे जाईल, आणि त्याबद्दल शिव्या खाईल.

तू लिहिलं आहेस: ‘तिने डोळे मिटले आणि तिच्या तळव्यांतून सोनेरी प्रकाश वाहू लागला.’ त्याऐवजी हे बघ: ‘तिने त्याच्या जांघेत मूठ रोवली आणि सगळा भार टाकला. रक्त थांबलं. आता मूठ काढता येणार नव्हती, आणि दाराशी तिला कुणीतरी नावाने हाक मारत होतं.’ प्रकाश हवाच असेल तर यानंतर येऊ दे.

सगळ्यात जास्त चुका काळाच्या हिशोबात होतात. जखम चिघळल्याचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं, त्याच संध्याकाळी नाही. धनुर्वात तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही येतो, बहुधा सगळे निर्धास्त झाल्यावर. मांडीचं हाड जुळायला तीन ते चार महिने. आणि वरून मिटलेली जखम आतून कच्चीच असते: तीन आठवड्यांनी कातडीची ताकद मूळच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी, तीन महिन्यांनी ऐंशी टक्क्यांपर्यंत, आणि पूर्ववत कधीच नाही. बाराव्या दिवशी फौजेला कूच करायला लावलंस तर किती टाके उसवतील ते वहीत लिही.

इथे तुझ्या हाती एक घबाड आहे. तुझ्या दुसऱ्या भागात किल्ल्याला पाच महिन्यांचा वेढा पडतो आणि तिथे सध्या फक्त कंटाळा आहे. ताजी फळं-भाजी दोन-तीन महिने मिळाली नाही की स्कर्व्ही होतो: हिरड्या सुजतात, पायांवर रक्ताचे ठिपके येतात, अंगातली शक्ती जाते. आणि जुने, केव्हाच भरलेले व्रण पुन्हा उकलू शकतात, कारण व्रण ज्या धाग्यांनी बांधलेला असतो ते शरीर सतत नव्याने विणत असतं आणि त्याला क जीवनसत्त्व लागतं. आता पहिल्या भागात तिने वाचवलेले सगळे डोळ्यांसमोर आण. वेढ्याच्या चौथ्या महिन्यात एकेकाची जखम त्याच जागी उघडते. लोक म्हणणार, हिची विद्या खोटी होती, हा शाप आहे. तिला जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नसणार. तिला इतकंच दिसेल की भिंतीलगतचा रानपाला चोरून खाणाऱ्या पोरांना काही झालेलं नाही. तो पाला कुणाला वाटायचा आणि कुणाला नाही, हे मग तिच्यावर येईल. दुसरा भाग याच्यावर उभा राहतो.

खलनायक अंधारातला सम्राट असायलाच हवा असं नाही. नेपोलियनच्या सैन्यातल्या लारे या शल्यचिकित्सकाने हुद्दा न बघता जखमेच्या गांभीर्यावरून क्रम लावायचा आग्रह धरला. तुझ्या सरदारांना हे झेपेल का? आणि 1847 साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा एप्रिलमध्ये अठरा टक्क्यांच्या घरात असलेलं बाळंतिणींच्या मृत्यूचं प्रमाण उन्हाळ्यात दोन टक्क्यांच्या आसपास उतरलं. तरी सहकाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते मानलं नाही, कारण मानायचं तर मारणारे हात आपलेच होते हेही मानावं लागलं असतं. तुझ्या वैद्यसंघाच्या प्रमुखाला असं कारण दे. तो दुष्ट असण्याची गरजच उरणार नाही.

लांबीबद्दल विचारलंस. सव्वा लाख शब्द, तीन हजारांची चाळीसेक प्रकरणं, एवढ्यात ही कथा बसते. त्यात उपचाराचे पूर्ण प्रसंग आठ-नऊच ठेव, बाकीचे दोन ओळींत उरक. दोन प्रसंगांतून कथेत एकच गोष्ट बदलत असेल तर त्यातला एक काट. तू योजलेल्या चोवीस काल्पनिक वनस्पतींपैकी तीन ठेव, आणि त्यातली एक अशी असू दे की चिमूटभर जास्त झाली तर माणूस जाईल.

आणि तो सेनापती. तो जगायला हवा असेल तर भाला पोटातून दंडात आण. पोटातच हवा असेल तर आतडं फाटणार, आतली घाण पसरणार, पोट फळीसारखं कडक होणार, ताप चढणार. तुझ्या नियमाप्रमाणे जादूने वरची जखम मिटेल आणि घाण आत कोंडली जाईल. पण सुरुवातीचा दीड-दोन दिवस तो शुद्धीवर असेल, बोलेल, हुकूम देईल, आणि तो वाचणार नाही हे खोलीत फक्त तिला माहीत असेल. त्याला सांगायचं की नाही? तिसरं प्रकरण तिथून लिही आणि वहीच्या पहिल्या दहा ओळींसोबत पाठव. नकाशा नंतर बघू.

सप्रेम,
तुझा वाचक