छोट्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर काढतोय. सगळ्यांना महिन्याचा एकच दर ठेवावा की युजरमागे पैसे घ्यावेत?

एकच दर ठेवा. युजरमागे पैसे घ्यायला माझा ठाम विरोध आहे.

आम्ही कोल्हापुरात फौंड्रीवाल्यांना जॉबवर्कच्या, म्हणजे बाहेर काम करून आणायला पाठवलेल्या मालाच्या, चलनाचं सॉफ्टवेअर देतो. गिऱ्हाईक बहुतेक शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरातलं. सुरुवातीला माझा एक भागीदार होता. त्याचं म्हणणं, मोठ्या फौंड्रीत वीस माणसं वापरणार, छोट्या शेडमध्ये दोन, मग दोघांना एकच बिल कशाला? मी नको म्हणत होतो, पण भांडवल त्याचं जास्त. दर युजरमागे ठरला.

शिरोलीतल्या एका मालकांनी कोटेशन बघितलं आणि दोनच लॉगिन घेतली. एक ऑफिसला, एक स्टोअरला. स्टोअरच्या त्या एका लॉगिनवर डिस्पॅचवाला, फेटलिंगचा (ओतलेला माल घासून साफ करायचा विभाग) सुपरवायझर, गेटवरचा माणूस, रात्रपाळीचा पोरगा, सगळे. मी तिथं असतानाच मशिनिंगहून टेम्पो परत आला. डिस्पॅचवाल्याची चलनं अर्धी राहिलेली, तो खुर्ची सोडेना. सुपरवायझरनं ब्लो होलमुळं (ओतताना राहिलेल्या पोकळीमुळं) रिजेक्ट झालेल्या नगांचा आकडा चलनाच्या पाठीमागं पेनानं लिहिला, "सांजच्याला मारतो एंट्री" म्हणाला आणि चलन खिशात घातलं. एंट्री पडलीच नाही. महिनाअखेरीला सिस्टीममध्ये माल जॉबवर्करकडं शिल्लक आणि जॉबवर्कर म्हणतोय सगळा दिला. आधी कुणी काय भरलंय ते तपासायला गेलो तर प्रत्येक ओळीपुढं एकच नाव, स्टोअर.

जॉबवर्कला पाठवलेला माल वर्षात परत आला नाही, तर जीएसटी कायद्यात तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात. मालक चिडणारच. "तुमचं सॉफ्टवेअरच चुकतंय ओ," असं सगळ्या ऑफिससमोर बोलले. ते मला अजून लागतं, कारण सॉफ्टवेअर बरोबर होतं. चार माणसं एका नावात कोंबली ती आमच्या दरानं.

यावर भागीदाराचा उपाय काय, तर एक लॉगिन एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर चालेल असं बंधन घाला. म्हणजे आणखी आकडे खिशात! तिथून आमचं जमलं नाही. तो गेल्यावर मी दर कारखान्यामागे केला, माणसं कितीही असोत. आता गेटवाल्यालाही स्वतःचं लॉगिन आहे आणि माल आत येतानाच नोंद होते. मोठं गिऱ्हाईक वाढतं तेव्हा दुसरं युनिट घालतं, तिथं आपलंही बिल वाढतं. मालकांना हे समजावायला फार बोलावं लागत नाही, हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरमुळं सवय आहे: सिल्व्हर एकाला, गोल्ड ऑफिसच्या नेटवर्कवर कितीही जणांना.

"अमेरिकेत सगळे युजरमागेच घेतात," हे भागीदाराचं पेटंट वाक्य. बेसकॅम्प हे टीमची कामं सांभाळायचं अमेरिकन सॉफ्टवेअर तेव्हा महिना ९९ डॉलरमध्ये कितीही माणसं देत होतं. पुढं २०२२ मध्ये त्यांनी माणशी असाही दर आणला, हे मान्य. पण कितीही माणसांचा ठोक दर मोठ्या टीमसाठी राहिलाच, फक्त महाग झाला.

एक मात्र बघा. ज्याचा खर्च तुम्हाला नगावर पडतो ते ठोक दरात घालू नका. एसएमएस, व्हॉट्सअॅपचे मेसेज, ई-इन्व्हॉइससाठी पोर्टलला जाणाऱ्या कॉल, यांचं बिल वेगळं. एओएल या अमेरिकन कंपनीनं डिसेंबर १९९६ मध्ये महिना १९.९५ डॉलरमध्ये फोनच्या लाईनवरून अमर्याद इंटरनेट दिलं, तर लोक लाईन सोडेनात आणि बाकीच्यांना नुसता एंगेज टोन. लॉगिनचं तसं नसतं. आणखी दहा माणसं चलन भरायला लागली तरी सर्व्हरच्या बिलात फरक जाणवत नाही.

दर किती, हे तुमचं सॉफ्टवेअर बघितल्याशिवाय कोण सांगणार? महिन्याला कार्डावरून आपोआप कापणार असाल तर १५,००० रुपयांच्या आत ठेवा, त्याच्या वर गेलं की दर वेळी ओटीपी लागतो. मी वर्षाचे एकदम घेतो. आणि पूर्ण दोन-तीन माणसांचंच दुकान असलं तर त्याला छोटा दर वेगळा द्या, पण तोही दुकानामागे. तिथंसुद्धा डोकी मोजायची नाहीत, भागीदार काहीही म्हणू दे.