मोत्या मुलालाच सापडू द्या
तुमच्या साडेचार वर्षांच्या मुलाचा काल्पनिक कुत्रा मोत्या गावाहून परतताना एसटीत राहिला, तेव्हापासून मुलगा रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन पलंगाखाली शोधतो आणि रडतो. सासूबाईंना ही बाहेरची बाधा वाटते. अशा वेळी 'मोत्या नाहीच' असे सांगावे की खरे पिल्लू आणावे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते दोन्ही करू नये. त्याच्यासोबत शोधायला बसावे.

ही बाधा नाही, हे सासूबाईंना जरूर सांगा. ऑरेगन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांच्या २००४ सालच्या अभ्यासात, जीव असल्याप्रमाणे वागवलेल्या बाहुल्या धरून, सुमारे ६५ टक्के मुलांना वयाच्या सात वर्षांपर्यंत केव्हा ना केव्हा असा सोबती होता. तो खोटा-खोटा आहे हे मुलांना बहुधा पक्के ठाऊक असते, आणि तरीही तो हाकेला येत नाही, मनाला येईल तेव्हा निघून जातो, अशी तक्रार ती करतात.

माझी चूक सांगते. आम्ही साताऱ्याहून पुण्याला राहायला आलो तेव्हा मुलीचे मुंगूस, टिंबू, हरवले. तिचे रडणे बघवेना म्हणून मी सोफ्यामागे बोट दाखवून "हा बघ, सापडला" म्हणाले. तिने वाकून पाहिले आणि म्हणाली, "तो फक्त मला दिसतो." पुढे दोन दिवस ती माझ्याशी टिंबूविषयी बोललीच नाही, हे मला फार लागले. मग मी नुसते विचारू लागले, की त्याला काय आवडते, तो कशाला घाबरतो. "कुकरच्या शिट्टीला," ती म्हणाली. नव्या घरात तिची झोपायची जागा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच होती. आम्ही तिचा पलंग हलवला, गॅलरीत बशीभर शेंगदाणे ठेवले आणि कुकर लावण्याआधी तिला सांगू लागलो.

तुम्हीही विचारा, मोत्या एसटीतून का उतरला नाही, त्याला गावी कोणापाशी राहायचे होते का. खरे पिल्लू मोत्याची जागा भरण्यासाठी तरी आणू नका. मुलाची झोप किंवा जेवण बरेच दिवस बिघडले, किंवा सोबती त्याला घाबरवतो, इजा करायला सांगतो असे तो म्हणू लागला, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

टिंबू परत आल्याचे मुलीने मला सांगितले नाही. एका संध्याकाळी मी कुकर लावत असताना ती दाराशी उभी होती, आणि तिने दोन्ही तळहात गुडघ्याच्या उंचीवर, कोणाचे तरी कान झाकावेत तसे, हवेत धरले होते.