नॅशनल पार्कात आम्ही जातच नाही, मग आम्हाला काय उपयोग?

प्रश्न : ताई, आम्ही कांदिवली पूर्वेला राहतो, गॅलरीतून बोरिवलीच्या नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात. परवा घरी वाद झाला. दीर म्हणाले, मुंबईत माणसांना राहायला जागा नाही आणि १०० चौरस किलोमीटर बिबट्यांना देऊन ठेवलीय, आपण वर्षातून एकदा तरी जातो का तिथे? मला उत्तर सुचलं नाही. आणि हो, सोसायटीच्या मागे बिबट्या दिसलाय, पिंजरा लावा म्हणून अर्ज करायचा का?

उत्तर : वाद उद्यान या शब्दापासून सुरू होतो असं मला वाटतं, उद्यान म्हटलं की आपल्याला झोपाळे आणि बाकडी आठवतात. राष्ट्रीय उद्यान म्हणजे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सगळ्यात कडक संरक्षण दिलेलं जंगल, तिथे गुरं चारायलासुद्धा बंदी असते. आपल्याकडे पहिलं १९३६ साली झालं, आज त्याला कॉर्बेट म्हणतात, आणि महाराष्ट्रातलं पहिलं ताडोबा, १९५५ चं.

आता उपयोगाचं. विहार आणि तुळशी ही दोन्ही तळी पार्काच्या हद्दीत आहेत, विहार १८६० चं आणि तुळशी १८७९ चं, म्हणजे मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते याच डोंगरांतून. आज बहुतेक पाणी भातसा-वैतरणेकडून येतं, या दोघांचा वाटा लहान आहे हे खरं, पण त्यांच्याभोवती जंगल आहे, इमारती नाहीत, म्हणून ती तळी अजून पिण्याची राहिलीत. दहिसर नदी तुळशीपासून निघते, मिठी विहार आणि पवईच्या सांडव्यातून, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा मुंबई कशी पाण्याखाली गेली ते तुमच्या दिरांनीही बघितलं असेल. त्या डोंगरउतारांवर झाडं आणि मातीऐवजी काँक्रीट असतं तर तिथलं पाणीही थांबायला जागा न मिळता तसंच खाली आलं असतं. तेव्हा पार्कात एकदाही पाऊल न ठेवता तुम्ही रोज पार्क वापरताय.

एक गोष्ट मात्र दीर बोलले नाहीत तरी मी बोलते. जंगल फक्त बिबट्यांचं नाही, आत पाड्यांवर वारली, मल्हार कोळी कुटुंबं कित्येक पिढ्या राहतायत, वाघोबाला पुजतायत, आणि उद्यानाच्या नियमांचा सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतो, साध्या विजेसाठी-पाण्यासाठी खेटे घालावे लागतात. आपल्याला हवा-पाणी मिळावं म्हणून ती किंमत त्यांनी मोजावी हे मला अजिबात पटत नाही.

पिंजऱ्याचं म्हणाल तर अर्ज नका करू. २००४ च्या सुमारास पार्कालगत बिबट्यांचे हल्ले भयंकर वाढले होते, माणसं गेली, आणि त्याच काळात दुसरीकडे पकडलेले बिबटे इथे आणून सोडले जात होते, परक्या जागी आलेलं जनावर बिथरतं आणि जागेवरचा बिबट्या उचलला की रिकाम्या जागेत दुसरा येतो. नुसता दिसला म्हणजे तो हल्ला करायला आलाय असं नसतं, बहुतेक वेळा तो भटक्या कुत्र्यांच्या मागे येतो आणि कुत्री येतात कचऱ्यामागे, म्हणून आधी सोसायटीचा उघडा कचरा बंद करा, मागच्या बाजूला दिवे लावा, अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं सोडू नका. दिसलाच तर गर्दी करून मोबाईल घेऊन पाठलाग करू नका, त्याला निघायला वाट द्या आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनला फोन करा.

आणि दिरांना एकदा पार्कातल्याच कान्हेरीच्या लेण्यांना न्याच, पावसाळा सरता सरता. शंभराहून जास्त आहेत, पण तुम्ही त्यांना पोढी दाखवा, दगडात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या, डोंगरावरचं पाणी पन्हळींनी त्यांत उतरवलेलं. भिक्खूंनी याच पाण्यावर वर्षं काढली. सोमवार सोडून जा, बंद असतं.