टोफिनो थांबली, पी-फोर शिक

नांदेडला इलेक्ट्रॉनिक्स शिकून चिपच्या स्टार्टअपमध्ये जायचं म्हणतोस, तर नेटवर्कच्या चिप बनवणाऱ्या बेअरफूट नेटवर्क्स या स्टार्टअपचं आधी समजून घे. नेटवर्कमधला स्विच डेटाचं पॅकेट कसं वाचणार, कुठं पाठवणार हे पूर्वी चिप घडवतानाच पक्कं व्हायचं. त्यांच्या टोफिनो चिपमध्ये ते पी-फोर या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिता येऊ लागलं. 2019 मध्ये इंटेलनं कंपनी घेतली आणि 2023 च्या सुरुवातीला पुढच्या टोफिनोंचं काम थांबवलं. चिप चांगलीच होती, मला अजून हळहळ वाटते. आपण सोयाबीनमध्ये तुरीची ओळ घालतो ना, तसं कर बाळा: एकाच कंपनीच्या चिपवर सगळं शिक्षण लावू नकोस. पी-फोर मुक्त आहे, लॅपटॉपवर मिनिनेट (लॅपटॉपमध्येच आभासी नेटवर्क उभं करणारं सॉफ्टवेअर) आणि पी-फोर चालवणारा सॉफ्टवेअर स्विच टाकून पहिलं पॅकेट स्वतः वळव. आणि ऑफरमध्ये शेअर्स असतील, तर कंपनी विकली गेल्यावर हाती न आलेल्या शेअर्सचं काय होणार, हे सहीआधी लेखी विचार.