हेगेल जरूर वाचा, पण साताऱ्याच्या घरावर नको

प्रश्न : मी २७ वर्षांची आहे, येत्या डिसेंबरात २८ पूर्ण होतील. पुण्यात फिलॉसॉफीत बी. ए. केलं आणि गेली सहा वर्षं एका कंपनीत कंटेंटचं काम करते, ते थोडं कमी दर्जाचंच वाटतं. हातात ५८,००० येतात. एफडीत ७ लाख आहेत, म्युच्युअल फंडात ६.२ लाख आणि पीएफमध्ये ३ लाखांच्या आसपास. जर्मनीत तत्त्वज्ञानात एम. ए. करायचंय, मुख्यतः जर्मन तत्त्वज्ञ हेगेल आणि त्याच्या आधीचे-नंतरचे. जर्मन बी१पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत झालंय. "तिथे फी नसते" असं सगळे सांगतात, म्हणून येत्या ऑक्टोबरलाच जावं म्हणते. बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. साताऱ्याचं घर तारण ठेवून १५ लाख उचलायला ते तयार आहेत. घ्यावेत का?

उत्तर : बाबांचे पैसे घेऊ नका. जा मात्र जरूर, फक्त एक वर्ष उशिरा. आता हिशेब बघू.

"फी नसते" हे बहुतांशी खरं आहे. सरकारी विद्यापीठांत दर सेमिस्टरला साधारण १०० ते ४०० युरो वर्गणी भरली की झालं. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे, आणि हायडेलबर्ग, ट्युबिंगेन, फ्रायबर्ग ही तत्त्वज्ञानाची नावाजलेली विद्यापीठं नेमकी त्याच राज्यात आहेत. चार सेमिस्टरचे ६,००० युरो होतात. मी सगळीकडे युरो १०५ रुपयांचा धरलाय, म्हणजे हे ६.३ लाख. हेगेल ट्युबिंगेनला शिकला हे मान्य, पण तो येनालाही शिकवत होता आणि थुरिंगेनमधल्या येनाला ही फी नाही. यादी करताना आधी राज्य बघा, मग विद्यापीठ.

तुमचा खरा खर्च राहण्या-खाण्याचा आणि वेळेचा आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात. १ सप्टेंबर २०२४पासून हा आकडा आहे. अर्ज करताना दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा तपासा. रुपयांत साडेबारा लाख. अनेक पालक ही रक्कम फी समजून धास्तावतात, पण पैसे तुमचेच असतात, महिन्याला ९९२ युरोप्रमाणे तुम्हालाच परत मिळतात. म्युनिकमध्ये शेअर्ड फ्लॅटमधल्या खोलीलाच सातशे-आठशे युरो पडतात, त्यामुळे तिथे ९९२ पुरत नाहीत. येना किंवा बायरॉइटसारख्या गावात विम्यासकट ९५०मध्ये भागवता येतं.

कागदावर हा अभ्यासक्रम चार सेमिस्टरचा आहे. मानव्यशाखेत, परक्या भाषेत, सोबत काम करून तो चारमध्ये पुरा होईल असं मी धरत नाही. पाच धरा. म्हणजे ३० महिने, दर महिना ९५०, अधिक सेमिस्टरची वर्गणी : सुमारे २९,७५० युरो, ३१.२ लाख. एपीएस सर्टिफिकेटचे (तुमच्या पदवीच्या पडताळणीचा दाखला) १८,००० रुपये, व्हिसा, विमान, खोलीचं डिपॉझिट, थंडीचे कपडे यांना २ लाख. बेरीज ३३.२ लाख.

कमाईची बाजू बघू. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं आणि जानेवारी २०२६पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. लोक या दोन आकड्यांचा गुणाकार करतात आणि खूश होतात. मी पहिल्या सहा महिन्यांत शून्य धरतो, पुढचे २४ महिने दरमहा ५००. आठवड्याला नऊएक तास काम झालं, तेवढं हेगेल वाचताना झेपावं. त्यातून १२.६ लाख येतील. तुमचे एफडी आणि फंड मिळून १३.२ लाख. तूट उरते ७.४ लाखांची.

म्हणजे १५ लाखांची गरजच नव्हती. बाबांना हा आकडा दाखवा, त्यांचं मन हलकं होईल.

आता उशिरा जाण्याबद्दल. या ऑक्टोबरला निघालात तर १३.२ लाखांतले साडेबारा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये गेले की विमानाच्या तिकिटासाठीसुद्धा हात पसरावे लागतील. शिवाय बी१वर तत्त्वज्ञानाचा जर्मन अभ्यासक्रम मिळत नाही. बहुतेक ठिकाणी विद्यापीठ प्रवेशासाठीच्या जर्मन भाषेच्या परीक्षा मागतात : डीएसएच-२ किंवा टेस्टडाफमध्ये चारही विभागांत ४. इंग्रजीतले पर्याय आहेत : म्युनिकच्या एलएमयू विद्यापीठात लॉजिक आणि विज्ञानाचं तत्त्वज्ञान, बायरॉइटला फिलॉसॉफी अँड इकॉनॉमिक्स. दोन्ही चांगले आहेत, पण तुम्हाला तिथे जायचंच नाहीये. इंग्रजीत मिळतं म्हणून तिथे प्रवेश घेणं म्हणजे भाजी स्वस्त दिसली म्हणून नको असलेली घेऊन येण्यासारखं आहे.

एक वर्ष थांबलात तर महिन्याला ३०,००० बाजूला पडून ३.६ लाख जमतील. त्यातला लाखभर बी२-सी१चे क्लास आणि परीक्षा यांत जाईल. थांबण्याची एक किंमत मात्र आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी आरोग्य विमा, महिन्याला १५० युरोच्या आसपास, ज्या सेमिस्टरमध्ये तिशी पूर्ण होते ते संपेपर्यंतच मिळतो. त्यानंतर हप्ता अडीचशेच्या पुढे जातो. या वर्षी गेलात तर पाचव्या सेमिस्टरच्या अखेरपर्यंत तुम्ही त्यात बसता. पुढच्या वर्षी गेलात तर शेवटच्या दोन सेमिस्टरना, म्हणजे १२ महिने, दरमहा किमान शंभर युरो जास्त द्यावे लागतील : निदान १.२६ लाख. हे धरूनही तूट ७.४वरून ६.१ लाखांवर येते आणि भाषा हाताशी असते. दोन वर्षं थांबायचं म्हणालात तर मी नको म्हणेन.

ही ६ लाखांची तूट शैक्षणिक कर्जाने भरा. सरकारी बँकांत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, म्हणून घराचा विषय इथेच संपतो. बाबा सहकर्जदार म्हणून सही करतील, म्हणजे त्यांच्यावर जबाबदारी येतेच. त्यासाठी निघण्याआधी स्वतःच्या नावावर १५ लाखांचा टर्म इन्शुरन्स घ्या. कर्ज मंजूर करून घ्या, पण उचलू नका. पहिलं वर्ष संपताना जर्मनीत राहण्याच्या परमिटचं नूतनीकरण होतं, तेव्हा पुढच्या वर्षाचे पैसे पुन्हा दाखवावे लागतात. बहुतेक घरांचं गणित फिसकटतं ते इथे, कारण सगळी तयारी पहिल्या साडेबारा लाखांपुरती केलेली असते. ते कर्ज त्या वेळेसाठी राखून ठेवा.

फेडायचं कसं? व्याज धरून साडेसात लाख झाले आणि दर साडेदहा टक्के असला तर सात वर्षांसाठी हप्ता साडेबारा हजारांच्या आसपास बसतो. हा हप्ता तत्त्वज्ञानाच्या भरवशावर काढू नका. महाराष्ट्रात परत आलात तर नेट-सेट करूनही पहिली काही वर्षं तासिका तत्त्वावर जाण्याची शक्यता मोठी आहे आणि त्या मानधनातून एवढा हप्ता निघत नाही. तुमच्या आजच्या ५८,०००च्या नोकरीतून मात्र निघतो. ती नोकरी सोडताना भांडून सोडू नका. पदवीनंतर तिथे नोकरी शोधायला १८ महिने मिळतात आणि पीएच.डी.ची पगारी जागा मिळाली तर उत्तमच, पण ती मी हिशेबात धरलेली नाही.

खुद्द हेगेलची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. १७९९मध्ये वडील गेले, वारशाचे थोडे पैसे हाती आले. त्यांच्या जोरावर शिकवण्या सोडून तो १८०१मध्ये येनाला गेला. तिथे सुरुवातीला विद्यापीठाचा पगार नाही, विद्यार्थी व्याख्यानाला देतील ती फी. आपल्या भाषेत तासिका तत्त्वावर. १८०७मध्ये पैसे आटले तेव्हा बाम्बेर्कला वर्तमानपत्राचं संपादन पत्करलं, मग न्युरेम्बर्गला शाळेचा मुख्याध्यापक झाला. पोट भरेल असं प्राध्यापकपद हायडेलबर्गला मिळालं ते १८१६मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी. कंटेंटचं काम कमी दर्जाचं वाटतं असं तुम्ही पत्रात ओझरतं म्हटलंय, म्हणून हे लिहिलं.

या महिन्यात एवढं करा. फंडातले ६.२ लाख दीड वर्षात लागणार आहेत, ते शेअर बाजारात ठेवू नका. थोडे ३१ मार्चच्या आधी आणि थोडे नंतर काढा, म्हणजे दीर्घकालीन नफ्यावरची सव्वा लाखाची सूट दोनदा मिळेल. सुरू असलेली एसआयपी थांबवून तेच पैसे आरडीत टाका. युरो ११५ झाला तर ब्लॉक्ड अकाउंटला १३.७ लाख लागतील. तोवर तुमच्याकडे १५.८ लाख झालेले असतील, तेव्हा घाबरायचं कारण नाही. वर्षात १० लाखांपेक्षा जास्त परदेशी पाठवलं तर वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापेल. रिटर्न भरताना तो वळता होतो, पावती तेवढी जपा. पीएफला हात लावू नका.

आणि बी२च्या पुढच्या बॅचला नाव घाला.